कोरे बोट

केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत 'प्रदत्त मतांची संख्या' असा एक रकाना असतो. त्या रकान्यात मी एकदा 'निरंक' असे लिहिले. निरंक म्हणजे एकही नाही. आकड्याने तो शब्द खरा होता, पण त्याच्यामागे एक खोटे दडले होते, आणि लिहितानाच मला ते ठाऊक होते. पुढची पाच वर्षे मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, पत्नीलाही नाही. आज ती सांगताना मान खाली जाते हे खरे. तरीही मनात एक आनंद आहे आणि तो झाकून ठेवावा असे वाटत नाही, कारण या सगळ्यात शेवटी एका बाईचा विजय झाला आणि तो पाहायला मी तिथे होतो.

मी जमीन मोजणारा सरकारी नोकर आहे. राहायला यवतमाळच्या कडेला, लोहाऱ्याला. दोन शेतांमधली हद्द नेमकी कुठून जाते हे सांगण्यात माझी उभी नोकरी गेली. माझ्या हातची रेघ सरकत नाही असे कार्यालयात म्हणत आणि ते ऐकायला मला आवडे. निवडणूक आली की आमच्यासारख्यांच्या नावे आदेश निघतात. कोणाला केंद्राध्यक्ष करतात, कोणाला मतदान अधिकारी. आपल्या वाट्याला कोणते गाव आले ते यंत्रे आणि साहित्य ताब्यात घेताना कळते. त्या लोकसभेला मला आर्णी तालुक्यातला एक तांडा मिळाला. तिथल्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख फिरत असत. आता तीच माणसे कापूस, सोयाबीन, तूर पिकवतात, घरात गोरबोली बोलतात आणि बाहेरच्याशी वऱ्हाडी.

केंद्र शाळेच्या एका खोलीत होते. मतदान सुरू होण्याआधी मी माझ्या तीन सहकाऱ्यांना आणि उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना समोर बसवून शाईविषयी चार शब्द सांगितले. ही शाई साबणाने जात नाही, तेलाने जात नाही, रॉकेलने जात नाही, नख वाढेल तशीच ती पुढे सरकेल. बोलताना माझा आवाज थोडा चढला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या.

कामाची पद्धत सोपी असते. यादीत प्रत्येक मतदाराचा एक चौकोन असतो, त्यात फोटो, नाव, घर क्रमांक. एका ओळीत असे तीन चौकोन. मतदार आला की पहिला अधिकारी त्याचे नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो आणि त्या चौकोनातून तिरकी लाल रेघ ओढतो. मतदार स्त्री असेल तर अनुक्रमांकाभोवती गोलही करतो. दुसरा अधिकारी तो क्रमांक नोंदवहीत लिहून सही किंवा अंगठा घेतो आणि डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो. तिसरा यंत्राची कळ दाबून मतदाराला आत पाठवतो.

दुपारी दीडच्या सुमारास पहिला अधिकारी डबा खायला उठला आणि मी त्याच्या खुर्चीवर बसलो. उन्हामुळे रांग तुरळक होती. तेवढ्यात सात-आठ बाया एकदम आल्या. घरचे आटोपून, पाणी भरून, एकमेकींना हाका मारत आलेल्या. त्यांच्या बोलण्याच्या गलबल्यात मी नावे वाचत गेलो. त्यांतल्या एका सुनेचे नाव मी बरोबर वाचले. क्रमांक मात्र वाचला तो शेजारच्या चौकोनातला, आणि रेघही ओढली शेजारच्याच चौकोनातून. त्या चौकोनात तिच्या सासूचा फोटो होता. प्रतिनिधींनी नाव ऐकले, चेहरा पाहिला आणि समाधान मानले. सुनेने सही केली, शाई लावून घेतली, मत दिले आणि ती गेली. माझ्या काही लक्षात आले नाही.

चार वाजता सासू आली. ऐंशीच्या घरातली, ताठ कण्याची, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. पहिला अधिकारी आपल्या जागी परतला होता. त्याने पान उघडले, थबकला आणि यादी माझ्यापुढे सरकवली.

"आजी, तुमचं मत झालं आहे," मी म्हणालो.

"कवा झालं?"

"दुपारी. हे बघा, यादीत रेघ आहे."

"रेघ असंन बाप्पा. मी नव्हती. मी तर आता येऊन राह्यली." तिने डावा हात टेबलावर ठेवला. "हे पाह्य. शाई कुठी हाय?"

एक मतदान प्रतिनिधी तांड्यातलाच होता. तो हसत म्हणाला, "याडी, जेवून झोपली असशील अन् झोपेतच येऊन गेली असशील." तांड्यात थोरल्या बाईला 'याडी' म्हणतात, म्हणजे आई.

"तुह्या लग्नाच्या टायमाले तुह्या बापानं मले कायले बलावलं होतं, ते सांगू का इथं?" म्हातारी म्हणाली. "दोन्ही घरचं नातं सात पिढ्या मागं जाऊन कोणं काढून देल्लं? झोपेत काढलं का ते?"

खोलीत हशा पिकला. त्या बोलण्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

दुसऱ्या मतदान अधिकारी एक तरुण शिक्षिका होत्या. त्या माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "सर, बोट कोरं आहे. प्रदत्त मताचं पाकीट काढू का?"

त्याच क्षणी माझी नजर शेजारच्या चौकोनावर गेली. सुनेचा फोटो, तोच घर क्रमांक, आणि रेघ नाही. दुपारी ती बाई माझ्यासमोर उभी होती हे मला स्वच्छ आठवले. सगळे कळले.

अशा प्रसंगी काय करायचे ते आयोगाने लिहून ठेवलेले आहे. कोणी मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच मत पडलेले दिसले, तर त्याला चार प्रश्न विचारावेत, उत्तरांनी खात्री पटली तर वेगळी कागदी मतपत्रिका द्यावी, ती त्याने खूण करून परत केली की स्वतंत्र पाकिटात ठेवावी आणि त्याचे नाव एका वेगळ्या यादीत लिहावे. हेच प्रदत्त मत. त्यासाठीच्या कोऱ्या मतपत्रिका प्रत्येक केंद्रावर पाठवलेल्या असतात आणि बहुतेक ठिकाणांहून त्या तशाच परत जातात. ते मत सहसा मोजलेही जात नाही. न्यायालयाने मागितले तरच ते पाकीट उघडते. पण हा मतदार आला होता, त्याने आपला हक्क सांगितला, ही नोंद राहते. यादी चुकू शकते हे आयोगाने धरून चालले होते. माझ्या हातची यादी चुकू शकते हे मी धरले नव्हते.

पाकीट काढले असते तर दैनंदिनीत कारण लिहावे लागले असते, क्षेत्रीय अधिकाऱ्याला कळवावे लागले असते, नोंदवही उघडली असती आणि सासूच्या क्रमांकापुढे सुनेची सही सापडली असती. लागला असता अर्धा तास. मी तो अर्धा तास वाचवला.

"आजी," मी समजुतीच्या, गोड आवाजात म्हणालो, "तुम्ही येऊन गेल्या आहात. विसरल्या असाल. वयानं होतं असं. शाई तेलाबिलानं गेली असेल."

शिक्षिकाबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. म्हातारीने आपले बोट पाहिले, मूठ मिटली आणि एकच शब्द उच्चारला, "विसरली?" मग ती बाहेर गेली. दारातल्या रांगेने माझे बोलणे ऐकले होते. एक बाई दुसरीला म्हणाली, "याडीले आता याद नाही राहत वाटते."

सायंकाळी सगळे आकडे जुळले. यादीतल्या रेघा, नोंदवहीतल्या सह्या आणि यंत्रातली मते यांत एकाचाही फरक नव्हता. क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी कागद पाहून माझी पाठ थोपटली. मी प्रदत्त मतांच्या रकान्यात 'निरंक' लिहिले, सही केली आणि पाकिटाला लाख लावली.

चार वर्षांनी एका मोजणीच्या अर्जावर मला त्याच तांड्याचे नाव दिसले. उन्हाळा होता, शेते मोकळी होती. दोन चुलतभावांत धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद होता. मी यंत्र घेऊन गेलो आणि तिथे पोहोचल्यावर कळले की त्यांतला एक भाऊ त्या म्हातारीचा मुलगा आहे.

मोहाच्या झाडाखाली दोन्ही बाजूंची माणसे जमली होती. म्हातारी थोडी बाजूला दगडावर बसली होती. मला पाहताच ती म्हणाली, "हा तोच. वोटिंगवाला साहेब."

मुलगा ओशाळला. "साहेब, मनावर घेऊ नका जी. बुढी काहीबी बोलते. मागं एकडाव वोटिंग करून आली अन् विसरली. तवापासून असंच."

"आपण होते का तवा?" वादातल्या दुसऱ्या भावाने, म्हातारीच्या पुतण्याने, सहज विचारले.

मी यंत्राच्या तिपाईचे स्क्रू आवळत होतो. "खूप ठिकाणी ड्युटी लागते," मी म्हणालो. "लक्षात राहत नाही."

म्हातारी हसली. "पाह्य," ती कोणाला उद्देशून न बोलता म्हणाली, "साहेबबी विसरते."

चहा घेऊन सून आली. यादीतला तो रेघ नसलेला चौकोन माझ्या समोर उभा होता. कप गोळा करता करता ती जे बोलली त्यातून चार वर्षे माझ्यासमोर उलगडत गेली. तांड्यात लग्न जुळवताना दोन्ही घरांचे गोत आणि नाते मागच्या पिढ्यांपर्यंत तपासतात, कारण भावकीत लग्न चालत नाही. हे सगळे सासूच्या तोंडपाठ. आजूबाजूच्या तांड्यांतूनही लोक तिला विचारायला येत. जमिनीच्या खुणा, कोणाचा बैल कोणाच्या विहिरीत पडला, कोणी कोणाला काय शब्द दिला, हे सगळे तिलाच विचारत. त्या मतदानानंतर लोक येईनासे झाले. तिचीच नात दिली तेव्हाही तिला कोणी विचारले नाही. यवतमाळला नेऊन डॉक्टरला दाखवले आणि विसरण्यावरच्या गोळ्या सुरू केल्या.

"घेतात का गोळ्या?" मला विचारल्यावाचून राहवले नाही.

सुनेऐवजी म्हातारीनेच उत्तर दिले. "गोळी खायचं तेवढं मी रोज विसरते."

सगळे हसले. मीही हसलो आणि त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मोजणी सुरू झाली. वाद असा होता की जुना हद्दीचा दगड सापडत नव्हता. पुतण्या म्हणत होता, तो नाल्याच्या बाजूला होता. मुलगा म्हणत होता, तो कधी नव्हताच. म्हातारी उठली. "पळसाचं खोड हाय ना, तिथून मोहाकडं पाठ करा अन् बारा पावलं जा. माह्यी पावलं, तुमची नाही. दगड पुरला हाय. माहा सासरा त्याच्यावर विळ्याले धार लावे. खाच असंन वरतून."

"याडी, बस ना सावलीत," मुलगा म्हणाला.

मी म्हणालो, "त्यांची पावलं मोजू द्या." तेवढे धैर्य मला होते. ती उन्हात बारा पावले चालली आणि जिथे थांबली तिथे काठी रोवली. नंतर मी यंत्र लावून जुन्या नकाशावरून बिंदू काढला. तो त्या काठीपासून हातभर अंतरावर आला. फावडे मागवले. गुडघाभर खणल्यावर लोखंड दगडावर वाजले. माती बाजूला केली तेव्हा दगडाच्या माथ्यावर घासून घासून पडलेली, बोट मावेल एवढी गुळगुळीत खाच होती.

मग पुतण्याच पुढे झाला आणि काकूच्या पायांना हात लावून म्हणाला, "काकी, जितली तू." धुरा त्याच्या बाजूला दोन हात सरकत होता, तरी तो मनापासून बोलला. मी खिशातून नोंदीचा कागद काढला, त्यावर लिहिले आणि खणखणीत आवाजात वाचले की हद्दीची खूण वृद्ध महिलेने दाखवलेल्या ठिकाणीच मिळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दगडाची साक्ष मी मोठ्याने वाचली. माझी स्वतःची साक्ष मात्र मी दिली नाही.

जाताना ती माझ्याजवळ आली. "दगड बोलला," ती हळू म्हणाली. "तू कवा बोलशील?"

त्या दगडाने तिचे बरेच काही परत आणून दिले. लोक पुन्हा तिच्या ओट्यावर येऊ लागले, असे मला नंतर कळले. तरीही एक टोमणा उरलाच: याडीले पन्नास साल पहिलेचा दगड आठवते, पण मतदान केलेलं आठवत नाही. तो टोमणा कोणत्याही जमिनीत खणून निघणारा नव्हता. त्याला उत्तर फक्त माझ्याजवळ होते.

पुढच्या वर्षी पुन्हा लोकसभा आली. अनुभव पाहून मला प्रशिक्षक नेमले गेले होते. प्रदत्त मताचा भाग बहुतेक प्रशिक्षणांत शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. मी त्याला पाऊण तास देऊ लागलो. एखाद्याला पुढे बोलावून म्हातारा मतदार करायचो, त्याचे नाव आधीच रेघ मारलेल्या यादीत दाखवायचो आणि बाकीच्यांना सांगायचो, आता याला परत पाठवून दाखवा. जो परत पाठवे त्याला मी बसू देत नसे. पाकीट काढायला लावायचो, यादी भरायला लावायचो, मतपत्रिकेची घडी करून दाखवायला सांगायचो. लोक कुरकुरत. "सर, असा माणूस वीस वर्षांत नाही आला," एक जण म्हणाला. मी म्हणालो, "आयोगाने तो येईल म्हणून वीस वर्षे मतपत्रिका पाठवल्या आहेत. आपण एक दिवस वाट बघू."

एका सत्रात मी उदाहरण म्हणून सांगितले की एका केंद्राध्यक्षाने कोरे बोट समोर असताना एका बाईला विसरभोळी ठरवले. पुढच्या ओळीत एक बाई बसल्या होत्या. पाच वर्षांत त्यांच्या केसांत एखादी रुपेरी बट आली होती, म्हणून मी आधी ओळखले नाही. त्या शिक्षिकाबाई आता स्वतः केंद्राध्यक्ष होणार होत्या. त्यांनी हात वर केला.

"सर, त्या केंद्राध्यक्षाचं पुढे काय झालं?"

सभागृहात दीडशे माणसे होती. त्यांच्या आवाजात उपहास नव्हता, त्या खरोखर विचारत होत्या.

"अजून काही झालं नाही," मी म्हणालो.

"मग ही गोष्ट अर्धीच आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या निवडणूक शाखेत जाऊन सगळा प्रकार लेखी दिला. तिथल्या अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला. वयाने ते माझ्याहून लहान होते. "ती पाकिटं मुदत संपल्यावर नष्ट होतात," ते म्हणाले. "आता काय करायचं याचं?"

"आवक करून घ्या."

"तुमच्यावर कारवाई होऊ शकते."

"झाली तर बरंच होईल."

त्यांनी शिक्का मारला आणि एक प्रत माझ्या हातात दिली. मग खुर्चीतून उठून त्यांनी माझ्याशी हात मिळवला. "साहेब," ते म्हणाले, "हा कागद त्या बाईंना वाचता येईल का?" मी नाही म्हणालो. "मग हा माझ्यासाठी आहे. त्यांच्यासाठी वेगळं काही करा." पुढे मला नोटीस आली, मी तिला उत्तर दिले, सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. त्या नोंदीविषयी मला अभिमान वाटतो असे म्हटले तर लोक हसतील, पण ते तसे आहे.

त्या वर्षीच्या मतदानाला मी क्षेत्रीय अधिकारी होतो. एका मार्गावरच्या दहा-अकरा केंद्रांना भेटी द्यायच्या होत्या. मार्ग मी मागितला नव्हता. आदेश उघडला तेव्हा तांड्याचे नाव चौथ्या ओळीत होते.

सकाळी दहाच्या आधीच मी तिथे पोहोचलो. शाळेपुढे हिरव्या जाळीचा मांडव होता आणि मांडवभर बाया. तांड्यातल्या थोरल्या बायांनी त्या दिवशी आरशांच्या कशिद्याचे जुने घागरे आणि ओढण्या काढल्या होत्या. इतरांनी नवी लुगडी नेसली होती. रांगेत ती मध्यावर उभी होती, तिच्या मागे सून. वयोवृद्धांना रांग नसते, तरी ती उभी होती.

"घरी येऊन मत घेणारे लोक आलते," सून मला म्हणाली. "पंच्याऐंशीच्या वरच्यांले घरूनच देता येते म्हणे. फॉर्म आणला होता. सासूबाईनं हाकललं."

"काहून हाकलू नको?" म्हातारी पुढूनच म्हणाली. "घरात देल्लं तर लोक म्हणतीन, देल्लंच नाही, बुढीले भास झाला. हितं सगळे पाहून राह्यले."

एका तरुणाने तिला पुढे जायला सांगितले. "तू जा ना पुढं," ती म्हणाली, "तुले घाई असंन. मी पाच सालापासून उभी हावो." मांडवात हसू पसरले. या वेळी ते तिच्या बाजूचे होते.

तिची पाळी आली तेव्हा मी दाराशी होतो. पहिल्या अधिकाऱ्याने तिचे नाव वाचले. ती टेबलावर वाकली. "रेघ कुठी मारून राह्यला, दाखव."

अधिकारी गोंधळून केंद्राध्यक्षाकडे पाहू लागला. केंद्राध्यक्ष म्हणाले, "दाखवा ना. त्यांचाच फोटो आहे." त्याने यादी वळवून धरली. तिने आपला फोटो पाहिला, त्यावर बोट ठेवले, आणि त्या बोटाखालूनच रेघ निघाली. मग शेजारच्या चौकोनावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे माह्यी सून. हिची येगळी मारजो." खोलीतले सगळे हसले. मी हसलो नाही. मी ती रेघ नीट पाहून घेतली.

अंगठा झाला, शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती बराच वेळ होती. यंत्राचा लांब सूर वाजला आणि बाहेर मांडवात कोणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. केंद्राध्यक्षांनी बाहेर येऊन शांत राहायला सांगितले, पण त्यांच्याही चेहऱ्यावर हसू होते. म्हातारी दारातून बाहेर आली तेव्हा रांग दुभंगली आणि बायांनी तिच्यासाठी वाट केली. तिचा मुलगा होता, पुतण्या होता. तांड्यातला तो जुना मतदान प्रतिनिधी आता टेबलाशी नव्हता, मतदार म्हणून रांगेत होता, आणि त्याने तिला हात जोडले. कोणी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. तिथे मतपेटीच्या राजकारणाचा एक शब्दही नव्हता. एक बाई आपल्या हक्काचे काम करून आली होती आणि सगळा तांडा ते पाहत होता.

मी मांडवात गेलो. खिशात त्या कागदाची प्रत होती. तो वाचून दाखवावा असे आधी ठरवले होते, कारण कागदावर माझी भाषा शाबूत राहते. पण तिच्यासमोर उभा राहिलो आणि मला तो काढवेना. मी चपला काढल्या. बाया वळून पाहू लागल्या. मुलगा पुढे होऊन म्हणाला, "काय झालं साहेब?" मी त्याला हाताने थांबवले. घरी मी वऱ्हाडीच बोलतो. नोकरीत ती वापरायची सवय राहिली नाही. त्या दिवशी ती आपोआप तोंडात आली. मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो:

"आजी, त्या वोटिंगले केंद्राध्यक्ष मीच होतो. मागं शेतात तुम्ही मले बरोबर ओळखलं होतं, अन् मी लक्षात नाही म्हणलो, तेबी खोटं होतं. त्या दिवशी तुम्ही मत देल्लं नव्हतं. तुम्ही काहीच विसरल्या नव्हत्या. तुमच्या सुनेच्या नावाची रेघ मी चुकून तुमच्या नावावर मारली, अन् तुम्ही समोर आल्या तवाच ते मले समजलं होतं. तुम्हाले मतपत्रिका द्याचा कायदा होता. मी देल्ली नाही. माह्यी चूक लपवाले मी तुमच्या डोक्यावर विसरभोळेपणा टाकला, सगळ्या तांड्यासमोर. म्हणून आता सगळ्या तांड्यासमोर सांगून राह्यलो. तुम्ही खऱ्या होत्या. मी खोटा होतो. मले माफ करा."